तीन किलोंचं प्रकरण

काकासाहेब औताडे यांच्या आयुष्यात विमान एकदाच आलं आणि जाताना त्यांचे सोळाशे पन्नास रुपये घेऊन गेलं.

पैसे गेल्याचं त्यांना काही नव्हतं. हे ते स्वतःच दिवसातून दहा वेळा सांगत, त्यामुळं ऐकणाऱ्याला ते किती लागलंय याचा नेमका अंदाज येई. काकासाहेब मुकुंदवाडीत राहत आणि जमिनीच्या नोंदी करणाऱ्या एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक होते. कचेरीत, गल्लीत, किराणा दुकानात सगळीकडं त्यांना ‘भाऊसाहेब’ म्हणत. खिडकीपुढं उभा असलेला माणूस त्यांच्याशी बोलताना आपोआप थोडा वाकत असे. तीस वर्षं समोरची माणसं वाकलेली बघितली की आपण उंच आहोत असं वाटायला लागतं, तसं त्यांना वाटत होतं.

तर झालं असं. मुलगी अपेक्षा बंगळुरूला नोकरीला. तिनं आईबापाला विमानाची तिकिटं पाठवली. माणशी पंधरा किलो सामान फुकट, आणि वर तिनं तीन किलोंचे पैसे आगाऊ भरले होते. ते तीन किलो म्हणजे लोखंडी खलबत्ता. मिक्सरमधून निघतो तो ठेचा नव्हे, ती मिरचीची विटंबना, असं आवडाबाईंचं ठाम मत होतं, आणि आपली लेक परमुलखात विटंबना खात बसलीय या विचारानं त्यांना झोप लागत नव्हती. ‘लोखंड काय विमानातून न्यायचं असतं का?’ असं काकासाहेब एकदाच म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणायची त्यांच्या घरात पद्धत नव्हती.

निघायच्या आदल्या दिवशी फोनवर निरोप आला : आपलं विमान रद्द झालं आहे, आपल्याला परवाच्या, हैदराबादवरून जाणाऱ्या विमानात बसवण्यात येत आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व. दिवस बदलला, रस्ता बदलला, आणि या बदलाबदलीत अपेक्षानं भरलेले तीन किलो कुठंतरी हवेत विरघळून गेले. कंपनीचं नाव इथं मुद्दाम सांगत नाही. काकासाहेबांच्या भाषेत, प्रकरण नाजूक आहे.

विमानतळावर काउंटरला एक कोवळा तरुण होता. छातीवरच्या पट्टीवर नाव : सुयश.

“अंकल, तीन किलो जास्त आहे.”

“ते भरलेले आहेत.”

“सिस्टीममध्ये दिसत नाहीत.”

‘नोंद दिसत नाही’ हे वाक्य काकासाहेबांनी आजवर काही हजार लोकांना ऐकवलं होतं. खिडकीच्या दुसऱ्या बाजूनं ते कसं लागतं हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. कळलं म्हणून सुधारले असं मात्र कृपा करून समजू नका.

“पैसे भरा नाहीतर सामान कमी करा,” सुयश म्हणाला.

“मी बत्ता हातात धरून बसते,” आवडाबाईंनी तोड काढली.

“मॅडम, बत्ता विमानात हातात नेता येत नाही. ते हत्यार धरतात.”

मग भर रांगेसमोर बॅग उघडली गेली. बाजरीचं पीठ, कारळाची चटणी, कुरडया, आणि त्या सगळ्यावर स्वतः काकासाहेबांची निळ्या पट्ट्यांची लांब चड्डी. मागं वीस-बावीस माणसं. त्यातलं कुणीतरी हसलं. काकासाहेब नियम समजावून सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात सुयश म्हणाला, “अंकल, जरा साइडला व्हा ना. मागच्यांना येऊ द्या.”

साइडला व्हा! ज्या माणसाच्या नुसत्या भुवईवर गंगापूर तालुक्यातली निम्मी माणसं बाजूला होतात, त्याला! काकासाहेबांनी पैसे भरले, पावती घेतली, आणि बंगळुरूत दहा दिवस लेकीच्या हातचा, खलबत्त्यातला, झणझणीत ठेचा खाताना एकच गोष्ट बोलले, “परत गेल्यावर मी त्यांना सोडत नाही.”

परत आल्यावर पहिला वार त्यांनी फोनवरून केला. तिथं एक बाई आधी हिंदीत, मग इंग्रजीत, मग पुन्हा हिंदीत सांगत राहिली की तुमचा फोन आमच्यासाठी अत्यंत मोलाचा आहे. बासरी वाजली. पुन्हा मोलाचा. पाऊण तास अशी किंमत करून घेतल्यावर फोन आपोआप बंद पडला.

दुसरा वार लेखी. काकासाहेबांनी ‘उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की’ इथून सुरुवात करून चार पानी अर्ज ईमेलनं धाडला. एका मिनिटात उत्तर आलं : या पत्त्यावर आलेला मजकूर कुणीही वाचत नाही. काकासाहेबांनी ती ओळ दोनदा वाचली. त्यांच्या कचेरीनं तीस वर्षांत कुणाला इतकं प्रामाणिक उत्तर दिलं नव्हतं.

तिसरा वार कंपनीच्या ॲपवर. तिथं ‘मायरा’ नावाची मदतनीस होती. ती माणूस नाही, मशीन आहे, हे अपेक्षानं फोनवर तीनदा सांगूनही काकासाहेबांनी तिला ‘मायराताई’ असंच लिहिलं, कारण शिष्टाचार तो शिष्टाचार.

“नमस्कार! तुमची बॅग हरवली आहे का?” मायरानं विचारलं.

“बॅग हरवली नाही. तीन किलो हरवले,” काकासाहेबांनी लिहिलं.

“तुमची बॅग हरवल्याबद्दल आम्हाला खेद आहे.”

“हरवली नाही! बॅग माझ्यापुढं आहे!”

“धन्यवाद. हरवलेल्या बॅगेची तक्रार नोंदवली आहे.” आणि खाली अकरा आकडी क्रमांक.

वास्तविक इथंच घात झाला होता. पण क्रमांक दिसला आणि काकासाहेबांच्या छातीत थंडावा पसरला. प्रकरणाला नंबर पडला म्हणजे प्रकरण जन्माला आलं; मग ते काय आहे, याला त्यांच्या लेखी फारसं महत्त्व नव्हतं.

संध्याकाळी शेजारचे साहेबराव आले. साहेबराव एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. सामानाच्या भाड्याबद्दल ते जे बोलतील ते शेवटचं, असं ते स्वतः समजत.

“भाऊसाहेब, मी अठ्ठावीस वर्षं लगेज फाडलं. गंगापूरच्या गाडीत एका गड्यानं बोकड टोपलीखाली झाकून आणलं व्हतं, त्याचंबी फाडलं. मी सांगतो ध्यानात ठेवा. पावती! पावती हाय तर तुम्ही हाय, पावती नाय तर तुम्ही नाय.”

“पावती आहे,” काकासाहेबांनी ती पाकिटातून काढली. गुळगुळीत कागदाची, वितभर लांबीची. दोघांनी उजेडाला धरली. अक्षरं फिकी पडत चालली होती.

“उडायली की ही!” साहेबराव ओरडले. “आधी लॅमिनेशन करून घ्या. प्लॅस्टिकात गेली की शंभर वर्षं ढिम्म हालत नाय.”

कोपऱ्यावर झेरॉक्सवाला गोकुळ बसायचा. त्यानं पावती दोन प्लॅस्टिकांमध्ये घातली, मशीनच्या एका तोंडातून आत सारली, आणि ती दुसऱ्या तोंडातून बाहेर आली तेव्हा तव्याच्या बुडासारखी काळी होती. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, अखंड काळी. आणि वरून छान चकचकीत.

काकासाहेबांनी ती पुन्हा उजेडाला धरली.

“भाऊसाहेब,” गोकुळ डोकं खाजवत म्हणाला, “हे कागद गरमीनं छापतेत. मशीनमध्ये गेला की समदाच छापला गेला. आधी सांगायचं ना.”

“तू मशीनवाला की मी?”

“ते बी खरंय,” गोकुळ म्हणाला आणि लॅमिनेशनचे वीस रुपये मागून घेतले.

साहेबरावांनी ती काळी पट्टी उलटीसुलटी करून पाहिली आणि कंडक्टरच्या गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, “अक्षरं गेली नायत. अक्षरं आतच हायत. फक्त वाचता येईनात.” या एका वाक्याच्या आधारावर काकासाहेबांनी चार पानी अर्जाचा अकरा पानी अर्ज केला आणि काळी पट्टी ‘परिशिष्ट क’ म्हणून टाचणी लावून जोडली.

“अहो, सोळाशे पन्नासात काय इमानाचं पंख येतं का?” आवडाबाई भाकरी थापत म्हणाल्या. “सोडून द्या की. मला ती पोरं बी आठवायलीत, दिवसभर उभी असत्यात बिचारी.”

“अगं, प्रश्न पैशाचा नाही. तत्त्वाचा आहे.”

“मग तत्त्वाला भाजी आणायला धाडा. दोन दिवस झाले घरात कोथिंबीर नाय.”

पाचव्या दिवशी काकासाहेब कचेरीत आणि आवडाबाई बाजारात असताना एक टेम्पो येऊन थांबला. त्यातल्या माणसानं ‘औताडे इथंच का? हरवलेली बॅग आलीय’ असं विचारलं. वरच्या मजल्यावरच्या सरूबाई अशा वेळी जिन्यात असतातच. कुणाच्याही घरी काहीही आलं तरी सही करायला त्यांना मनापासून आवडे. त्यांनी सही केली.

काकासाहेब घरी आले तेव्हा बैठकीत मधोमध एक गुलाबी बॅग उभी होती. चाकांची, कमरेएवढी, आणि वर पांढऱ्या घोड्याचं चित्र. घोड्याच्या कपाळावर सोनेरी शिंग होतं. मुठीला चिठ्ठी बांधलेली : अवताडे.

“ही आपली नाही,” काकासाहेब म्हणाले.

“ते मला बी दिसतंय,” आवडाबाई म्हणाल्या. “आपल्या घोड्याला शिंग नसतंय.”

मायराताईंनी आपलं काम चोख केलं होतं. हरवलेली बॅग नोंदवली, औताडेच्या जवळपासचं नाव शोधलं आणि भलत्याच कुणाची तरी बॅग काकासाहेबांच्या पदरात टाकली. संध्याकाळी बैठकीत परिषद भरली.

“बॉम्ब असंल,” सरूबाई दारातूनच म्हणाल्या. सही आपण केलीय हे त्या तोवर विसरल्या होत्या. “गुलाबी कलर मुद्दाम दिला असंल. संशय येऊ नये म्हणून. ऐका, टिकटिक करायलीय.”

“ते आमचं भिंतीवरचं घड्याळ आहे,” काकासाहेब म्हणाले, पण पाय मात्र त्यांनी खुर्चीवर घेतले.

“बॉम्बबिम काय नाय,” साहेबराव म्हणाले. “पण माल दुसऱ्याचा, सही तुमच्या दारातली. उद्या ती पार्टी म्हणाली की यात पाच तोळं सोनं व्हतं, मग? सरकारी माणूस हायसा भाऊसाहेब. चौकशी लागली तर पेन्शनपर्यंत पिच्छा पुरवतेत.”

पेन्शन हा शब्द काकासाहेबांच्या थेट काळजाला भिडला. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. बॅग परत करणं, अर्ज देणं आणि पोच घेणं ही तिन्ही कामं दुसऱ्या दिवशी एकाच फेरीत उरकायची असं ठरलं. त्यांनी कचेरीत अर्ध्या दिवसाची रजा टाकली. आवडाबाई ‘तुम्ही एकटे गेलात तर अजून एक बॅग घेऊन याल’ असं म्हणून सोबत निघाल्या.

मुकुंदवाडी ते चिकलठाणा विमानतळ म्हणजे हाकेचा रस्ता. रिक्षावाल्यानं बॅग पाहून आरशातून विचारलं, “अंकल, नातिन कू छोडने जा रे क्या?” काकासाहेबांनी घोड्याचं चित्र आपल्या पोटाकडं फिरवलं. शिंगाचा घोडा मांडीवर धरून जालना रोडनं जाताना वरिष्ठ लिपिकाला कुणी ओळखू नये, एवढीच त्यांची इच्छा होती.

दारावर बंदूकधारी जवान उभा होता. त्यानं तिकीट मागितलं. यापुढचं संभाषण काकासाहेबांच्या मोडक्या हिंदीत आणि जवानाच्या पक्क्या हिंदीत झालं.

“टिकट?”

“नहीं है.”

“तो बैग लेके कहाँ जा रहे हो? बैग किसका है?”

“मेरा नहीं है.”

जवानाची मान हळूच वळली. “अंदर क्या है?”

“मालूम नहीं.”

“किसने दिया?”

“एक अनजान आदमी घर पे रख के गया.”

प्रत्येक उत्तर खरं होतं. काकासाहेब सरकारी नोकरीत लागल्यापासून एका दमात इतकं खरं कधी बोलले नव्हते, आणि त्याचं फळ ताबडतोब मिळालं. शिट्टी वाजली. तीन जवान आले. लोक मागं सरकवले गेले. काकासाहेबांना एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं, आणि एक तपकिरी, धिप्पाड कुत्रा आणला गेला. कुत्र्यानं घोड्याचा वास घेतला, त्याला रस वाटला नाही. मग त्यानं अकरा पानी अर्जाचा वास घेतला आणि तो तिथंच बसून राहिला. परिशिष्टं ज्या पिशवीत होती तिच्यात आदल्या दिवशी बोंबील आणले होते.

“ये क्या है?” जवानानं काळी चकचकीत पट्टी दोन बोटांत धरून विचारलं.

“रसीद है,” काकासाहेब म्हणाले. “अक्षर अंदर हैं.”

जवानानं वरिष्ठांना बोलावलं.

आवडाबाईंनी हे थोडा वेळ पाहिलं. आपल्या बोलण्यानं नवऱ्याची आणखी फजिती होईल हे ओळखून त्या फाटकाबाहेरच्या चहाच्या गाड्यावर जाऊन उभ्या राहिल्या. तिथं विमान कंपनीच्या गणवेशातली एक मुलगी काम संपवून चहा पीत होती.

“मावशी, कुठं निघालात?” मुलीनं विचारलं.

“कुठं नाय बाई. आमचे साहेब बसलेत तिथं, कुत्र्यापाशी.”

मुलीचं नाव अंबिका, माहेर गंगापूरच्या बाजूचं. पाच मिनिटांत दोघींच्या ओळखीची चार माणसं निघाली, आणि पुढच्या पाच मिनिटांत सगळी हकीकत. आवडाबाईंनी अपेक्षानं पाठवलेले निरोप फोनवर उघडून दाखवले.

“इमान तुमचं आम्हीच बदललं ना? मग आधी भरलेलं वजन तसंच राहतं,” अंबिका म्हणाली. “पैसे घ्यायलाच नको होते. सुयशनं मागचं तिकीट उघडून बघायचं असतं. नवीन हाय तो, घाबरट हाय. थांबा.” तिनं फोनवर तिकिटाचा नंबर टाकला, आत कुणाशी तरी दोन वाक्यं बोलली आणि चहाचा कप खाली ठेवला. “झालं मावशी. दोन-तीन दिवसांत येतील पैसे.”

“एवढंच?”

“एवढंच.”

मग ती आवडाबाईंना घेऊन खुर्चीपाशी आली, आपलं ओळखपत्र दाखवून जवानांशी बोलली. बॅग तोवर मशीनमधून फिरून आली होती. आत बाहुलीची भांडीकुंडी, तीन फ्रॉक आणि एक कापडी ससा.

“काका, आठ दिवस झाले एक पोरगी या सशासाठी रडायलीय,” अंबिका म्हणाली. “तिच्या आईचा रोज फोन असतो. कालच बॅग सापडली व्हती, पण कोणीतरी औताडे म्हणून तक्रार टाकली आणि भलतीकडंच गेली.”

कोणीतरी औताडेंनी खाली पाहिलं. क्षणभर त्यांना खरंच कसंतरी झालं. पण लगेच कर्तव्याची आठवण झाली आणि त्यांनी अर्ज पुढं केला.

“नको काका, काम झालंय तुमचं.”

“झालंय म्हणजे? अर्ज न देता कसं होईल?”

“मावशींनी सांगितलं, झालं.”

“निदान पोच तरी द्या.”

अंबिकानं मुकाट्यानं पहिल्या पानावर सही केली.

“शिक्का?”

“अहो, चला!” आवडाबाईंनी त्यांचा दंड धरला.

तिसऱ्या दिवशी सोळाशे पन्नास रुपये खात्यावर आले. काकासाहेबांना आनंद व्हायला हवा होता. पण ज्या लढाईसाठी अकरा पानं खरडली ती गाड्यावरच्या एका चहात संपावी, हे त्यांना पैसे जाण्यापेक्षा जास्त झोंबलं. माणसाला न्याय मिळाल्याचं दुःख होऊ शकतं, हे सरकारी कचेरीत मुरलेल्या माणसाशिवाय कुणाला समजणार नाही.

म्हणून रविवारी सकाळी ओट्यावर जेव्हा साहेबराव, सरूबाई, गोकुळ आणि आणखी चारदोन माणसं जमली, तेव्हा काकासाहेबांनी इतिहासात थोडी दुरुस्ती केली.

“मी सरळ आत शिरलो,” ते म्हणाले. “म्हटलं, तुमचा मॅनेजर बोलवा. आला. म्हटलं, नियम काढा. काढला. म्हटलं, वाचा. वाचला आणि घामच फुटला त्याला. खुर्ची दिली मला बसायला. बंदूकवाले तीन जण आजूबाजूला उभे!” यातलं शेवटचं वाक्य अक्षरशः खरं होतं.

“आन् कुत्रं?” घरातून आवडाबाईंचा आवाज आला.

“कुत्रापण होता,” काकासाहेब घाईनं म्हणाले. “मुद्दा असा की, कागद पक्का असला आणि माणूस खमका असला की कुणाची हिंमत नाही अडवायची.”

गोकुळनं मान डोलावली. सरूबाईंनी ‘बाई बाई’ केलं. साहेबराव मात्र भारावून गेले होते. ते थोडे पुढं सरकले.

“भाऊसाहेब, मग मलाबी एक अर्ज लिहून द्या. असाच कडक. गावाकडच्या आमच्या जमिनीला वडलांमागं आम्हा भावांची नावं लागायचीत. आठ महिने झाले, कागद हालंना.”

“आठ महिने?” काकासाहेब ताठ झाले. “आणि आत्ता सांगताय? अहो साहेबराव, शेजारी कशाला असतो! गोकुळ, कागद आण. पेन आण. एकेकाला सरळ करतो.”

कागद आला, पेन आलं. काकासाहेबांनी मांडीवर पाट घेतला आणि ठसठशीत अक्षरात ‘प्रति’ लिहिलं.

“हं, सांगा. कोण अडवतोय?”

“धाकटा भाऊ येतो गावाकडून. दर सोमवारी, पहाटंच्या एसटीनं. खिडकीतला माणूस म्हणतो, साहेब रजेवर हायत, पुढच्या सोमवारी या.”

“हरामखोर लेकाचे! खिडकी कुठली? नाव सांगा त्या माणसाचं, नाव!”

साहेबराव शर्टाच्या बटणाशी खेळायला लागले. सरूबाईंना अचानक वरच्या मजल्यावरचं काम आठवलं.

“भावाला तुमची वळख नाय,” साहेबराव अखेर म्हणाले, “आन् तुम्हाला त्याची. म्हटलं, शेजार हाय, कशाला बोलायचं.”

पेन ‘प्रति’वरच थांबलं. शाईचा बारीक ठिपका कागदावर मोठा होत गेला.

आवडाबाई पदराला हात पुशीत दारात आल्या. त्यांनी कागदाकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं.

“लिहा की,” त्या म्हणाल्या. “नाव तर पाठ हाय तुम्हाला. मी समद्यांना चहा टाकते.”